आधी जागेचा दाखला की रात्रीचा परवाना?

पुण्यात पेठेतल्या एखाद्या बोळात रात्री अकरानंतर शिरून बघा. दोन्ही बाजूंना गाड्या आणि मधून जेमतेम रिक्षा जाईल एवढी वाट. आगीचा बंब आला तर कोपऱ्यावरच अडकायचा.

जपानने हा प्रश्न मुळातच धरला. १९६२ च्या कायद्यानुसार तिथल्या शहरांत गाडी नावावर करण्याआधी ती ठेवायला जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. अर्जासोबत जागेचा आराखडा द्यायचा, त्यात लांबी-रुंदी आणि समोरच्या रस्त्याची रुंदीसुद्धा. जागा भाड्याची असेल तर मालकाची संमती. शिवाय रात्री एकाच ठिकाणी सलग आठ तास किंवा जास्त वेळ गाडी रस्त्यावर ठेवायला मनाई.

दुसरा मार्ग परवान्याचा: पैसे भरा आणि रस्त्यावरच लावा. लंडनमध्ये रहिवाशांना असे परवाने मिळतात, पण जागेची हमी मिळत नाही. पुण्यातही २०१८ च्या पार्किंग धोरणात पैसे आकारायचं ठरलं, तेव्हा जोरदार विरोध झाला.

मला जपानी नियम पटतो, कारण परवान्याने रस्ता रुंद होत नाही. पण जुन्या वाड्यातल्या माणसाने आहे ती गाडी कुठे न्यावी? तिला परवाना द्यावा. नव्या गाडीला मात्र दाखला हवाच, आणि तो प्रत्यक्ष जागा मोजून दिलेला असावा, नाहीतर एकाच जागेवर चार दाखले निघतील.