एमजीबीचं इंजिन पूर्ण खोलून बांधलं, एक अख्खा सीझन चालवल्यानंतरचा अनुभव

गाडी १९६६ ची एमजीबी रोडस्टर, इंजिन १८जीबी, म्हणजे पाच मेन बेअरिंगवालं १७९८ सीसी. मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ राहतो. गेल्या हिवाळ्यात इंजिन खाली उतरवून पूर्ण बांधलं, मार्चमध्ये परत बसवलं आणि तेव्हापासून आता थंडी पडेपर्यंत गाडी भरपूर चालवली, शनिवार-रविवारी लांब आणि मधूनमधून ऑफिसलाही. इंजिन बांधतानाचे फोटो सगळे टाकतात पण पुढं ते चाललं कसं हे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट, कारण बऱ्याच जणांना वाटतं की ही विलायती स्पोर्ट्स कार, आपला काय संबंध. संबंध चांगलाच आहे. हे इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीचं बी-सिरीज, आणि आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते याच घराण्यातलं. तेच १४८९ एमजीबीच्या आधीच्या एमजीएमध्ये पण होतं. म्हणजे ज्यांनी गावाकडं अँबॅसिडरचं हेड उतरवलेलं बघितलंय त्यांना एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर परकं काहीच वाटणार नाही, तीच लोखंडी ब्लॉक-हेडची बांधणी, तेच पुशरॉड, तोच रॉकर शाफ्ट. साताऱ्यात आमच्या ओळखीचे एक मिस्त्रीकाका आहेत, अख्खी हयात अँबॅसिडर टॅक्सींची इंजिनं बांधण्यात गेली, आता काम बंद केलंय. या पूर्ण कामात मी त्यांना व्हिडिओ कॉल करून पार्ट दाखवत होतो आणि त्यांचा उपयोग मला मॅन्युअलइतकाच झाला.

इंजिन का खोललं? उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दाबला की मागं निळा धूर, शिवाय ऑइल खात होतं. चढावर दाबून चालवलं तरी धूर. पहिलं लक्षण बहुतेक व्हॉल्व गाइडचं (व्हॉल्वची दांडी ज्या नळीत सरकते ती), दुसरं रिंगांचं. कॉम्प्रेशन घेतलं तर चार सिलिंडर चार दिशेला, सगळ्यात कमी ९० पीएसआयच्या आसपास आणि सगळ्यात चांगला १३५. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून परत घेतलं तर कमीवाले लगेच वर आले, म्हणजे रिंग-बोअर गेलेत हे नक्की झालं.

आता माझं मुख्य म्हणणं, जे या सीझननंतर अजून पक्कं झालंय: पैसा मशीन शॉपवर घाला, आणि जुना पार्ट मोजल्याशिवाय फेकू नका. एमजीबीचे नवीन पार्ट आजही जवळजवळ सगळे मिळतात, अगदी स्क्रूपासून, आणि म्हणूनच लोक "रिबिल्ड किट" एका फटक्यात मागवून जुनं सगळं भंगारात घालतात. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा ओरिजिनल पार्ट मापात असेल तर तो आजच्या बऱ्याच कॉपी पार्टपेक्षा भारी असतो. माझा कॅमशाफ्ट प्रत्येक लोबवर (व्हॉल्व उघडणारा उंचवटा) मायक्रोमीटर लावून मोजला, सगळ्या लोबची लिफ्ट सारखी, पृष्ठभागावर खड्डा नाही, मग तोच ठेवला. टॅपेट (लोब आणि पुशरॉडच्या मधला तुकडा) पण तेच, फक्त उतरवतानाच नंबर टाकून ठेवले होते आणि ज्याच्या त्याच जागी परत बसवले, कारण टॅपेट आणि लोब एकमेकांवर घासून जोडीनं बसलेले असतात, अदलाबदल केली की दोन्ही जातात. नवीन कॅमवर नवीनच टॅपेट लागतात हे मात्र लक्षात ठेवा, आणि त्या केसमध्ये पहिल्यांदा चालू केल्यावर २० मिनिटं २००० आरपीएमच्या वर ठेवावं लागतं, आयडलिंगला सोडायचं नाही. मला ते करावं लागलं नाही.

बोअरला मात्र पर्याय नव्हता. वर रिंग जिथं थांबते तिथं सरळ सरळ कंगोरा जाणवत होता, नखाला अडकत होता. २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज बोअर मारून घेतलं, नवीन पिस्टन घातले, त्यामुळे आता कपॅसिटी १८२० सीसीच्या आसपास झालीय. क्रँक १० थाऊ अंडरसाइज ग्राइंड केला. मशीन शॉपवाला म्हातारा माणूस, नवीन पिस्टन हातात दिल्याशिवाय बोअर मारणार नाही म्हणाला, प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापानं ते ते सिलिंडर मारलं. असा माणूस मिळाला तर दोन महिने थांबावं लागलं तरी थांबा.

हेडबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथंच बी-सिरीजची खरी दुखरी जागा आहे. या हेडला पाचच पोर्ट असतात, दोन इनलेटचे, प्रत्येकी दोन सिलिंडरना मिळून, आणि तीन एक्झॉस्टचे, त्यातला मधला पोर्ट दोन आणि तीन नंबर सिलिंडरना कॉमन. मधले दोन एक्झॉस्ट व्हॉल्व शेजारी शेजारी, त्यामुळे तिथं उष्णता सगळ्यात जास्त आणि क्रॅक पडतो तोही बहुतेक तिथंच. म्हणून आधी हेड साफ करून प्रेशर टेस्ट करून घेतलं, चांगलं निघाल्यावरच पुढचा खर्च केला, नाहीतर सीट (व्हॉल्व जिथं टेकतो ती कडा), गाइड सगळं करून शेवटी क्रॅक सापडतो आणि पैसे पाण्यात. इथं २००० च्या सुरुवातीपासून शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि जुन्या सीटना शिशाचा जो आधार होता तो गेला, त्यामुळे एक्झॉस्टला हार्डन्ड सीट बसवून घेतल्या. सीझनभर चालवून टॅपेट गॅप तपासला तर एक्झॉस्टचा गॅप कमी झालेला नाही, म्हणजे व्हॉल्व सीटमध्ये रुतत नाहीये. हा खर्च शंभर टक्के वसूल.

असेंब्लीच्या वेळी मिस्त्रीकाकांनी एकच गोष्ट दहादा सांगितली, "बाळा, सगळे कॅप एकदम आवळू नकोस. एक कॅप आवळ, क्रँक हातानं फिरव, मग दुसरा. जिथं जड होईल तिथंच चूक आहे, पुढं जायचं नाही." क्रँकला धरून ठेवणारे मेन कॅप ७० फूट-पाउंडला आवळत गेलो, पाचही आवळून झाल्यावर क्रँक दोन बोटांनी फिरत होता. थ्रस्ट वॉशर मधल्या मेनला असतात, त्यांच्या खाचा क्रँकच्या बाजूला यायला पाहिजेत, एंड फ्लोट, म्हणजे क्रँकची पुढं-मागं हालचाल, ४ ते ५ थाऊ. ब्लॉकमधल्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून आत लांब ब्रश घातला तर काळा चिखल निघाला, आणि ब्लॉक तेव्हा "धुऊन आलेला" होता. तेवढं मशीनिंग झाल्यावर गॅलरीत कणभर चूर राहिली तर नवीन शेल (बेअरिंगचे पातळ अर्धवर्तुळाकार तुकडे) पहिल्या तासातच गेले म्हणून समजा. गरम साबणाचं पाणी, ब्रश, परत गरम पाणी, मग हवा, मग लगेच ऑइलचा हात, आणि पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना ऑइल पंपात व्हॅसलीन भरलेलं होतं, स्पार्क प्लग काढून सेल्फ मारत राहिलो, गेजवर प्रेशर आलं, मगच प्लग लावले. लगेच लागली. रनिंग-इनचा माझा अनुभव असा की नवीन रिंग बसवायच्या असतील तर लोड पाहिजे, हळूहळू म्हाताऱ्यासारखी चालवून रिंग बसत नाहीत, बोअरला काच चढते आणि मग आयुष्यभर ऑइल खाते. पहिले पाचशे मैल ३००० च्या फार वर नेली नाही, पण चढावर टॉप गिअरमध्ये गुदमरवली पण नाही, मध्यम लोड देऊन वर खेचायची आणि मग ॲक्सिलरेटर सोडून इंजिन ब्रेकवर उतरू द्यायची, पुन्हा पुन्हा. ब्रॉडवेचा फिश हिल त्याला एकदम मस्त पडला. पाचशे मैलांना ऑइल-फिल्टर बदललं, हेड परत टॉर्क केलं, टॅपेट परत सेट केले.

आता परफॉर्मन्स. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं १६५ च्या आसपास, आपसात पाचेक पीएसआयचा फरक. गरम इंजिनला रस्त्यावर ऑइल प्रेशर ६० पीएसआय, आयडलिंगला २० च्या खाली जात नाही. निळा धूर पूर्ण बंद. दोन ऑइल बदलांच्या मधे डिपस्टिकवर फरक दिसतो तो अगदी किरकोळ. ॲव्हरेज लांबच्या रस्त्याला ओव्हरड्राइव्ह लावून लिटरला दहा किलोमीटरच्या जवळपास. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे इंजिनाचा आवाज आणि खालच्या आरपीएमची ताकद. २००० वर टॉपला दाबली की सरळ ओढत जाते, मधे अडखळणं नाही. ताकद वाढवायला मोठा कॅम, मोठे कार्ब्युरेटर असलं काही घातलं नाही आणि त्याचं मला मनापासून समाधान आहे, या इंजिनाची मजा लो-एंड टॉर्कमध्येच आहे, ५५०० च्या वर ओरडायला ते बनलेलंच नाही.

त्रास झाला तो असा. मे महिन्यात गाडी गरम झाली की मिसिंग मारायला लागायची, थंड झाली की एकदम ठीक. आधी पेट्रोलवर संशय आला, मग डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) उघडून बघितले तर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा आणि जळून निळे पडलेले. नवीन टाकलेला कंडेन्सर गेला होता. डब्यात ठेवलेला जुना ओरिजिनल कंडेन्सर लावला, पॉइंट घासून १५ थाऊला सेट केले, तेव्हापासून एकदाही मिसिंग नाही. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, बरेच जण इलेक्ट्रॉनिक इग्निशन लाव म्हणतात, मी पॉइंटच ठेवलेत, कारण रस्त्याच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज घेऊन ते दुरुस्त करता येतात. नवीन वॉटर पंपही ठिबकायला लागला, बदलून मिळाला, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरं म्हणजे उन्हाळ्यातली हीट सोक, म्हणजे गाडी बंद केल्यावर इंजिनाची उष्णता कार्ब्युरेटरमध्ये मुरणं. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला आहेत, म्हणजे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर सरळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसलेत. गाडी चालू असते तोवर काही नाही, पण पेट्रोल पंपावर दहा मिनिटं बंद केली की फ्लोट बोलमधलं पेट्रोल उकळतं आणि परत चालू करताना सेल्फ लांबतो. कार्ब्युरेटरमागची हीट शील्ड, जी आधीच्या मालकानं काढून टाकली होती, ती शोधून परत बसवली, जाड स्पेसर घातले, बराच फरक पडला. पेट्रोल पण बघून घ्या, २०२१ च्या सप्टेंबरपासून इथलं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालंय, जुन्या रबरी पाइपांना ते चालत नाही. मी ई५ सुपरच भरतो, आणि पाइप सगळे इथेनॉलला टिकणारे टाकलेत. आपल्याकडं भारतात तर आता ई२० आलंय, तेव्हा ज्यांच्याकडं जुनी अँबॅसिडर किंवा फियाट आहे त्यांनी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत प्रत्येक पाइप हातानं दाबून बघा, मऊ-चिकट लागला तर त्याच दिवशी बदला.

मेंटेनन्स म्हणाल तर फार नाही पण नियमित पाहिजे. दर तीन हजार मैलांना २०डब्ल्यू-५० ऑइल, जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं, ज्यात झिंक पुरेसं असतं, फिल्टरसकट सव्वाचार लिटरच्या आसपास लागतं. टॅपेटला १५ थाऊ, आणि इथं नऊचा नियम पाठ करून ठेवा, आठ नंबरचा व्हॉल्व पूर्ण उघडा असेल तेव्हा एक नंबर सेट करायचा, सात उघडा तर दोन, बेरीज नेहमी नऊ. एकदा लय लागली की अर्ध्या तासात आठही होतात. कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनची हालचाल मंद करणारी वरची नळी) ऑइल बघत राहा, ते संपलं की पिकअप देताना गाडी थुंकते. मिक्श्चर तपासायला पिस्टन खालच्या पिननं अगदी एक मिलिमीटरपेक्षाही कमी उचला, आरपीएम वाढून वरच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बंद पडायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. दोन कार्ब्युरेटरचं सिंक मी अजूनही रबरी नळी कानाला लावून, दोघांचा सूं सूं आवाज ऐकून करतो, मीटरपेक्षा ते मला जास्त पटतं.

चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथं एमओटी (गाडीची वार्षिक सुरक्षा तपासणी) सक्तीची नाही, रोड टॅक्स नाही, तरी मी दरवर्षी एमओटी करून घेतो. दुसऱ्या माणसाची नजर खालून पडलेली बरी.

खर्चाचं विचारलं जाईल म्हणून सांगतो, सगळ्यात मोठा वाटा बोअर, क्रँक आणि हेडच्या मशीनिंगचा, निम्म्याच्या वर. पिस्टन-रिंग-शेल-गॅस्केट हा दुसरा. मजुरी माझीच. ओरिजिनल डिस्ट्रिब्युटरला नवीन बुश आणि ॲडव्हान्स स्प्रिंग टाकून घेतले त्याचा खर्च किरकोळ आणि फायदा प्रचंड, टायमिंग लाइट लावली की खूण आता जागेवर स्थिर दिसते, आधी नाचत होती.

आता एकच गोष्ट शिल्लक आहे. मागच्या मेन ऑइल सीलमधून लांबच्या प्रवासानंतर बेलहाउसिंगखाली ऑइलचा एखादा थेंब दिसतो. सील नवीन आहे, थेंब वाढत नाहीये, मी खाली एक पुठ्ठा ठेवून लक्ष ठेवून आहे. ह्या गाडीत क्लच बदलायला इंजिन खाली घ्यावंच लागतं, तेव्हा क्लचचं काम निघेल त्याच वेळी सील पण करीन, नुसत्या थेंबासाठी इंजिन उतरवणार नाही. आत्ता गाडी हिवाळ्यासाठी उभी करायच्या आधी ऑइल बदललंय, जुनं ऑइल आत ठेवून चार महिने उभी करायची नाही कारण त्यातलं ॲसिड शेलना खातं, आणि अँटीफ्रीझची घनता तपासलीय. कुणी १८जीबी किंवा अँबॅसिडरचं पेट्रोल इंजिन बांधायला काढलं असेल तर मापं विचारा, वहीत सगळी लिहून ठेवलीत.