ओटीवरचा दिवा, डोंबिवलीतून: दोन चॅनेलचा वायफाय रिले वर्षभर वापरून

गुहागरकडचं आमचं घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातला पंधरवडा सोडला तर शेजारच्या तात्यांखेरीज तिथे कुणी फिरकत नाही. तात्या पंचाहत्तरीचे. रोज तिन्हीसांजेला येऊन ओटीवरचा दिवा लावायचे, सकाळी येऊन मालवायचे. पावसापाण्याचं त्यांना चिखलातून यायला लावणं मनाला पटेना. म्हणून गेल्या मेमध्ये हा रिले आणला. दोन चॅनेल, म्हणजे दोन वस्तू वेगवेगळ्या चालू-बंद करता येतात; 1,650 रुपये. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा, स्विचबोर्डच्या आत मागे बसतो आणि फोनवरून दिवा लागतो. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. या किमतीतल्या बऱ्याच रिलेंची मांडणी अशीच असते, त्यामुळे मला आलेले अनुभव दुसऱ्या डब्यालाही लागू पडतील.

जाहिरातीत बसवायला पाच मिनिटं लागतात. आम्हाला दीड दिवस लागला. रिलेला स्वतः जागं राहायला फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) दोन्ही लागतात. ओटीवरच्या जुन्या लाकडी बोर्डात नुसती बटणं, प्लग नाही. म्हणजे न्यूट्रल तिथे आलेलंच नाही. माजघरातल्या प्लगच्या बोर्डातून न्यूट्रल ओढून आणावं लागलं. घ्यायच्या आधी वायरमनला बोर्ड उघडून दाखवा, एवढं केलंत तरी माझे दीड दिवस तुमच्या कामी आले.

दुसरी गंमत चिऱ्याची. राउटर माजघरात, मधे दीड फुटी चिऱ्याची भिंत, आणि वायफाय ओटीपर्यंत पोचता पोचता मान टाकतं. आमचा राउटर वायफाय दोन पट्ट्यांवर देतो, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ; हा रिले फक्त 2.4 वर चालतो. आमच्या राउटरनं 2.4 आणि 5 या दोन्हींना एकच नाव दिलं होतं, फोन 5 वर आणि रिले बिचारा शोधतोय. दोन्हींची नावं वेगळी केली, राउटर दाराच्या वरच्या फळीवर चढवला, तेव्हा कुठे जमलं. बोर्ड लाकडी होता हे नशीब. पत्र्याच्या पेटीत आणखी त्रास झाला असता.

भिंतीवरचं बटण चालू राहतं, ही या वस्तूची सगळ्यात चांगली गोष्ट. नेट नसलं तरी तात्या हातानं दिवा लावू शकतात. फक्त बटणाची दिशा निरर्थक होते. आपल्याकडे बटण खाली म्हणजे चालू. आता फोनवरून बंद केलं तरी बटण खालीच. पहिल्या आठवड्यात तात्यांचा फोन आला, "बटण खाली आहे आणि दिवा बंद. बल्ब गेला वाटतं, बदलू का?" बटण एकदा वर करून बघा म्हटलं. दिवा लागला, पण तात्यांचा विश्वास उडाला तो उडालाच.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून किती वेळा जाते ते मोजत नाहीत. लाइट परत आल्यावर रिलेनं काय करायचं हे अ‍ॅपमध्ये ठरवता येतं: चालू, बंद, की आधी होतं तसं. माझ्या डब्यात मुळात 'चालू' होतं आणि मी ते पाहिलंच नाही. तीन दिवस भर दुपारी दिवा. तात्या म्हणाले, "दिवाळी लवकर आली का रे?"

दिव्याचं निभावलं. दुसऱ्या चॅनेलवर मी आगराचा पंप लावणार होतो, तिथे हे महागात पडलं असतं. डब्यावर 10 अँपियर लिहिलेलं, पंप एक हॉर्सपॉवरचा, म्हणजे 746 वॅट. माझ्या हिशेबात सगळं बसत होतं. वायरमननं हिशेब मोडीत काढला: मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, रिलेचे पॉइंट चिकटून बसतील आणि मग तुम्ही डोंबिवलीतून कितीही बंद करा, पंप चालूच. मध्ये कॉन्टॅक्टर घातला, म्हणजे जड भारासाठीचा मोठा स्विच, जो आतल्या कॉइलला करंट मिळाला की लागतो. आता रिले फक्त त्याच्या कॉइलला करंट देतो, पंपाचा भार कॉन्टॅक्टर उचलतो. शिवाय चालू केल्यावर वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय रिलेच्या आतच लावून ठेवली. 'चालू' पोचलं आणि 'बंद' पोचायच्या आत नेट गेलं तर? मे महिन्यात विहीर तळाला जाते, कोरडा पंप जळायला वेळ लागत नाही. लाइट आल्यावर पंपाचं चॅनेल 'बंद'च, यात तडजोड नाही.

वेळापत्रकाचं मात्र कौतुक. सूर्यास्ताला लाव म्हटलं की डिसेंबरात सहाच्या सुमारास, जूनअखेर सव्वासातच्या आसपास, आपलं आपण जमवतो. त्यातही मेख आहेच. डब्यात घड्याळाला बॅटरी नाही, वेळ नेटवरून घेतो. लाइट जाऊन आली आणि नेट आलं नाही, तर त्याला किती वाजले हेच कळत नाही. दिवा लागत नाही. राउटरला छोटा यूपीएस जोडल्यावर त्रास बराच कमी झाला, पण केबलच तुटली की यूपीएस काय करणार?

आणि हुकूम जातो कुठून तर कंपनीच्या सर्व्हरवरून. आपल्या घरच्या नेटच्या जोडणीला बहुधा इंटरनेटवर स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे बाहेरून थेट घरात शिरता येत नाही; रिलेच आतून सर्व्हरशी बोलत राहतो. गणपतीत एका संध्याकाळी सर्व्हर बसला. दिव्याखाली उभा राहून मी फोन दाबतोय आणि दिवा ढिम्म. मागून पुतण्यानं येऊन बटण दाबलं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो वेळापत्रकाच्या मेखेसाठी. एक कापला तो यासाठी की अ‍ॅपमध्ये 'चालू' दिसतं ते रिलेचं, दिव्याचं नव्हे. बल्ब गेला तरी अ‍ॅप खुशाल 'चालू'च दाखवतं. त्यामुळे आठवड्यातून एकदा तात्यांना फोन करतोच.

"तात्या, ओटीवर दिवा दिसतोय का?"

"दिसतोय की. तुझा लागेपर्यंत कोण थांबतंय, मीच लावून आलो."

म्हणजे मी नंतर फोनवरून दाबलं असतं, तर तो बंद झाला असता.