मोवरचं (गवत कापायच्या मशीनचं) इंजिन बसलं: खोलून काम करायचं की नवीनच टाकायचं?

बसलंय म्हणून ज्या इंजिनाची आशा सोडलेली असते ते बऱ्याचदा बसलेलं नसतंच, हे आधी सांगतो कारण मी स्वतः फसलोय. ब्लेड दगडावर आदळलं, मशीन बंद पडलं, नंतर दोरी ओढली की हाताला असला झटका की बस, आणि स्टार्ट व्हायचं नाव नाही. मी नवीन इंजिनाची चौकशी पण करून बसलो होतो. मग सहज फ्लायव्हील (इंजिनावरचं जड चाक) काढलं तर त्याला शाफ्टवर जागेवर धरणारी चावी, म्हणजे धातूची छोटी पट्टी, अर्धी कापलेली, नखाएवढा तुकडा! ती मुद्दाम मऊ धातूची ठेवतात, दणका बसला की कापली जाते, फ्लायव्हील जरासं सरकतं आणि ठिणगी भलत्याच वेळी पडते. नवीन चावी टाकली, दुसऱ्या ओढीला चालू.

निळ्या धुराचंही तसंच. ऑइल जळतंय म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या असं लगेच धरू नका, ऑइल जास्त भरलं किंवा मशीन साफ करताना कार्बोरेटरची बाजू खाली करून आडवं पाडलं तरी निळा धूर येतोच, थोडा वेळ चालवलं की जातो. काळा धूर असेल तर एअर फिल्टर नाहीतर चोक बघा, त्यात इंजिनाचा दोष नाही.

खरंच दमलंय का ते कळायला लीकडाउन टेस्ट (हवा भरून गळती कुठे ते शोधणं) बेस्ट. नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर जाऊ नका, बऱ्याच मोवर इंजिनांत स्टार्टिंग सोपं व्हावं म्हणून व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी सोय असते त्यामुळे चांगल्या इंजिनाचंही रीडिंग कमी येतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची (क्रँक, म्हणजे ब्लेड फिरवणारा दांडा, घट्ट धरून, नाहीतर ब्लेड गर्रकन फिरतं) आणि कान लावायचा. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत).

आता फक्त व्हॉल्व्ह गळत असतील तर नवीन इंजिनाचा विचारसुद्धा करू नका. जुन्या साइड व्हॉल्व्ह इंजिनात हेड काढलं की व्हॉल्व्ह समोरच, पेस्ट लावून घासले, कार्बन खरवडला, नवीन गॅस्केट, झालं. फक्त घासल्यावर व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा खाली बसतो आणि त्याच्या दांड्याखालचा गॅप कमी होतो, तो अॅडजस्ट करायला स्क्रू नसतो, दांड्याचं टोक कानशीने किंचित घासून गॅप आणावा लागतो आणि जास्त घासलं की व्हॉल्व्ह वाया, म्हणून दोन घासे मारायचे आणि फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावायचा. होंडाच्या जीसीव्ही इंजिनांत मात्र हेड आणि सिलिंडर एकच तुकडा आहे, वरून हेड काढायची सोयच नाही, काम करायचं तर अख्खं इंजिन खोला.

हवा ऑइलच्या तोंडातून येत असेल तर खरा निर्णय बोअरवर. जुनी रिंग पिस्टनने ढकलून बोअरमध्ये इंचभर आत सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजा, 0.9 मिमीच्या आसपास गेली असेल तर रिंग संपली. बोअर गुळगुळीत असेल, नखाला ओरखडा लागत नसेल, तर नवीन रिंगा आणि सील टाकून इंजिन अजून बरेच सीझन काढेल. ओरखडे असतील तर रीबोअर (बोअर घासून मोठा करणं), ओव्हरसाइझ पिस्टन, लेथवाल्याची मजुरी, आणि कनेक्टिंग रॉड पण बघावाच लागतो कारण यात तो बहुधा नुसता अॅल्युमिनियमचा, क्रँकवर थेट फिरणारा, वेगळी बेअरिंग नाहीच. तिथून पुढे बेरीज करत गेलात की नवीन इंजिन स्वस्त वाटायला लागतं. आणि क्रँक वाकला असेल तर विषय संपला, ठोकून सरळ केलेल्या क्रँकवर ब्लेड फिरवायचं धाडस मी तरी करणार नाही.

नवीन इंजिन म्हणजे चार बोल्ट काढा चार लावा असं वाटतं, पण गोची शाफ्टमध्ये, म्हणजे ब्लेड लागतं त्या क्रँकच्या टोकात आहे. हाताने ढकलायच्या मोवरला बहुतेक वेळा 22.2 मिमी जाडीचा उभा शाफ्ट असतो, बसून चालवायच्या मशीनला 25.4. जाडी जुळली तरी लांबी बघा, आखूड निघाला तर ब्लेड डेकला (ब्लेडवरच्या पत्र्याच्या झाकणाला, ज्यावर इंजिन बसतं) घासणार, लांब निघाला तर जमीन खरवडणार, आणि सेल्फ ड्राइव्ह (चाकं इंजिनावर फिरणारं मशीन) असेल तर शाफ्टवर पुलीलाही जागा हवी. हँडल सोडलं की ब्लेड थांबवणारी ब्रेकची केबल नवीन इंजिनावर बसतेय का हेही बघा, अमेरिकेत 1982 पासून ब्लेड 3 सेकंदांत थांबलंच पाहिजे असा नियम आहे तो उगाच नाही. म्हणून जुन्या इंजिनावर ठोकलेला मॉडेल नंबर आधी लिहून घ्या.

भंगारातल्या मोवरचं जुनं इंजिन हाही एक रस्ता आहे, डेक सडलेला पण इंजिन ठणठणीत अशी मशीनं असतात. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं असेल तर त्यावर ठोकलेल्या कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे बनल्याचं वर्ष. पण चालू करून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, ऑइलमध्ये धातूची चमचम दिसली तर हात पण लावायचा नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी मशीन उलटं करून इंजिनाच्या बोल्टांभोवती स्क्रूड्रायव्हर टोचून बघा! पत्रा दबला तर वर सोन्याचं इंजिन बसवून उपयोग नाही.

माझं म्हणाल तर डेक चांगला आणि बोअर चांगला तर मी खोलून करतो, मजा पण येते. बोअर गेला की नवीन. ज्याच्याकडे फ्लायव्हील पुलर (ते ओढून काढायचं हत्यार) आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) नाही, उसने पण मिळणार नाहीत, त्याने थेट नवीनच घ्यावं कारण अंदाजाने आवळलेला रॉडचा बोल्ट सुटला की रॉड ब्लॉक फोडूनच बाहेर येतो. नवीन घेतलंत तर एकच, खोक्यातून ते बहुतेक कोरडंच येतं, दोरीला हात लावायच्या आधी ऑइल भरा आणि पहिल्या 5 तासांनी बदला.