बंदूक जमा करायला चांगलं दुकान, बेळगाव

जांबोटीकडं आमचं भाताचं शिवार. गवे, डुकरं हुसकायला आजोबांपासून परवान्याची एकनळी बारा बोअर बंदूक आहे. निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या बंदुका जमा करायला सांगतात, म्हणून २०२३ च्या विधानसभेआधी ती या दुकानात जमा केली. मालकांनी नळी उघडून आत काडतूस नाही हे दोनदा बघितलं, नंबर परवान्याशी जुळवला, मगच पावती फाडली. परत मिळाली तेव्हा नळीत तेलाचा हात फिरवलेला, गंजाचा ठिपका नाही. भाडं मात्र आधी सांगायला पाहिजे होतं.

२०१९ च्या कायद्यानं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या, त्यावर गावात बरेच चिडले. मला पटतं ते. घरात लहान पोरं असतात हो! जाताना मूळ परवाना न्या, झेरॉक्स घेत नाहीत.