भुसावळहून घेतलेला सेलवर चालणारा रेडिओ, वर्षभर वापरून झाल्यावर

मे २०२५ मध्ये घेतला, ८५० रुपयाला, भुसावळला स्टेशनकडच्या बाजारात एक म्हातारे काका रेडिओ रिपेअर करतात त्यांच्याकडून. माझा धाकटा भाऊ फौजेत, तेव्हा पोस्टिंग जम्मूकडं. पहलगामला २६ जण मारले गेले तेव्हापासून आईचं एकच चाललं होतं, पाकिस्तानशी लढाई होईन का रे? त्यात मॉकड्रिलच्या (हल्ला झाला तर काय करायचं त्याची तालीम) यादीत भुसावळचं नाव आलं (इथं आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी, वर एवढं मोठं जंक्शन), मग तर तिचं जेवणच सुटलं.

८ मेची रात्र मी विसरणार नाही, टीव्हीवर कराची बंदर उडवलं म्हणून ओरडणं चालू, आई देवासमोर बसलेली, भावाचा फोन लागत नाही, आणि सकाळी कळलं की तसं काही झालंच नव्हतं. घरात कुणाचं पोरगं तिकडं आहे याचा विचार नको का करायला? मी टीव्हीची वायर काढली आणि दुपारी जाऊन रेडिओ आणला.

आकाशवाणीच्या बातम्या एकदम स्वच्छ येतात. १० मेला संध्याकाळी त्यावरच ऐकलं, पाकिस्तानच्या डीजीएमओनं (फौजेच्या कारवाया बघणारा मोठा अधिकारी) ३.३५ ला आपल्या डीजीएमओला फोन केला आणि ५ वाजल्यापासून फायरिंग बंद. आई तेव्हा रडली.

आवाज मोठाय, बाहेर ओट्यावर ठेवला तरी आत चुलीपाशी ऐकू येतो. मिडीयम वेव्ह दिवसा खरखर करते, एलईडी बल्बजवळ तर जास्तच, रात्री मात्र लांबलांबची स्टेशनं लागतात. दोन जाडे सेल महिना-सव्वा महिना जातात. काट्याचे आकडे फार बारीक आहेत, आईसाठी मी आमच्या स्टेशनवर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. अँटेना पहिल्याच महिन्यात ढिली झाली, काकांनी पैसे न घेता बसवून दिली.

आता आई विचारते परत होईन का, तर वर्षभर बातम्या ऐकून माझं मत सांगतो. ७१ सारखी दोन्हीकडची अख्खी फौज उतरेल अशी लढाई मला अवघड वाटते, कारण १९९८ पासून दोघांकडं अणुबॉम्ब आहे आणि कारगिलला सुद्धा आपल्या विमानांना एलओसी (काश्मीरमधली नियंत्रण रेषा) ओलांडू दिली नव्हती. पण मे २०२५ सारखी चार दिवसांची चकमक पुन्हा होऊ शकते, आणि ती भीती वाढलीय असंच मी म्हणेन. आपले हल्ले बघा, २०१६ ला एलओसीच्या पलीकडं, २०१९ ला बालाकोट, २०२५ ला थेट पाकिस्तानी पंजाबातलं बहावलपूर आणि मुरीदके, दरवेळी पल्ला लांबतोय, पुढच्या वेळी कुठं थांबायचं हे कोण ठरवणार? नद्यांच्या पाणीवाटपाचा सिंधू करार १९६० चा, ६५ आणि ७१ च्या लढाईतही टिकला होता, तोही आपण स्थगित ठेवला. एवढाच धीर वाटतो की डीजीएमओंची हॉटलाइन आहे, आणि दरवर्षी १ जानेवारीला दोघं आपापल्या अणुठिकाणांची यादी एकमेकांना देतातच. हे आईला सांगितलं की ती थोडी शांत होते.

तर ज्यांचं माणूस सीमेवर आहे त्यांनी हा रेडिओ नक्की घ्या. भाऊ दिवाळीला आला तेव्हा त्याच्यासाठी पण एक घेतला, ७८० ला दिला काकांनी. सेल मात्र दुसरीकडून घ्या, त्यांच्याकडचे जुने निघाले.