रिफ्युजियमसाठी घेतलेला खनिज गाळ: सात महिन्यांनंतर

सात महिने वापरल्याशिवाय या गाळाबद्दल लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर फक्त रागच बाहेर पडला असता.

माझा समुद्री माशांचा टँक 200 लिटरचा, खाली 60 लिटरचा संप, म्हणजे पाणी गाळणारी जोडटाकी. त्याच्या मधल्या कप्प्यात, म्हणजे शेवाळ आणि बारीक जीव निर्धोक वाढवायच्या रिफ्युजियममध्ये, गाळाचा 3 सेंटीमीटरचा थर दिला, त्यात 5 किलोची पिशवी संपली. माल चांगला आहे. बोटांत चोळला तर खडा लागत नाही, वासही येत नाही.

पिशवीवरची सूचना मात्र सरळ चुकीची आहे. ‘गाळ पसरा, पंप सुरू करा.’ मी तसंच केलं आणि तासाभरात वरचा टँक दुधाळ झाला. कोरल तीन दिवस मिटून होते, मला झोप नव्हती. पुढे मैत्रिणीच्या संपमध्ये तोच गाळ घातला तेव्हा आधी संपमधलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप बंद केला, कप्पा उपसला, ओला गाळ पसरला, त्यावर बशी ठेवली आणि बशीवर बारीक धारेने पाणी सोडलं. रात्रभर बसू दिलं. टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप तेवढा चालू होता. सकाळी पाणी निवळ.

‘नायट्रेट कमी करतो’ असंही पिशवीवर छापलंय; नायट्रेट म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा घटक. माझं नायट्रेट 25 वरून 5 पीपीएमवर आलं खरं, पण ते काम मुख्यतः कीटोचं, म्हणजे कीटोमॉर्फा शेवाळाचं. एकदा छाटताना हात सैल सुटला, निम्म्याहून जास्त कीटो काढलं गेलं, तर दोन आठवड्यांत आकडा 12 वर. गाळ होता तिथेच होता. कीटोचा दिवा मी रात्री लावते, वरचे दिवे बंद असताना; उजेडात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतं. त्यामुळे पहाटे 7.8 पर्यंत उतरणारा पीएच आता 8 च्या खाली जात नाही.

कॉलर्पा हा शेवाळाचा दुसरा प्रकार. ती मुळांसारख्या तंतूंनी गाळ घट्ट धरते, दिसतेही देखणी. पण ती कधी कधी एका रात्रीत पांढरी पडून विरघळते आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत सोडते, म्हणून घेतली नाही. छाटलेलं कुठलंही शेवाळ मी पूर्ण वाळवूनच टाकते. मत्स्यालयातून निसटलेली कॉलर्पा टॅक्सिफोलिया ही जात 1984 मध्ये मोनॅकोजवळच्या समुद्रात आढळली आणि भूमध्य समुद्राच्या तळावर पसरत गेली, हे विसरता येत नाही.

मग गाळाने काय दिलं? जीव दिले. रात्री टॉर्च मारला की काचेला टेकलेल्या गाळात केसाएवढी बिळं दिसतात, त्यांतून किडे डोकावतात, आणि काचेवर टाचणीच्या टोकाएवढे पॉड्स, म्हणजे बारीक कवचधारी जीव, झटके देत पळतात. आधीच्या नुसत्या वाळूत इतके कधीच नव्हते. मँडरिन हा असे पॉड्स टिपून जगणारा मासा. माझ्या मँडरिनचं पोट खपाटीला गेलं होतं, तयार खाद्याला ती तोंड लावत नव्हती. चौथ्या महिन्यापासून पोट भरलेलं दिसतंय. दिवसभर खडकांवर टिपत फिरते.

फक्त नायट्रेटसाठी घेत असाल तर ही पिशवी नको, कीटो आणि चांगला दिवा पुरे. मँडरिन पाळायचा विचार असेल तर जरूर घ्या, आणि गाळ घातल्यावर मासा आणायला निदान तीन महिने थांबा.