ओपनफोम: पैसे शून्य, झोप मात्र जाते

एमटेकच्या प्रोजेक्टला मिथेनची ज्वाला कॉम्प्युटरवर पेटवायची होती, लॅबमधल्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सला कायम रांग, म्हणून ओपनफोमकडे, म्हणजे हवा-वायूंचा प्रवाह आणि ज्वलन कॉम्प्युटरवर सोडवणाऱ्या फुकट, उघड्या कोडच्या सॉफ्टवेअरकडे वळलो, आता दीड वर्ष झालं रोज वापरतोय तर म्हटलं लिहून टाकावं.

आधीच सांगतो, इथे बटणं-बिटणं काही नाहीत. झिरो, कॉन्स्टंट, सिस्टम असे तीन फोल्डर, त्यात टेक्स्ट फायली, आणि टर्मिनल. एक सेमीकोलन राहिला की फोम फेटल एरर. पण एक गंमत आहे, स्कीमचं (गणित सोडवायच्या पद्धतीचं) नाव आठवत नसेल तर तिथे बिनधास्त 'बनाना' टाइप करायचं, मग ते चिडून चालणाऱ्या सगळ्या नावांची यादीच तोंडावर फेकतं. मॅन्युअलपेक्षा मी हेच जास्त वापरलंय, खरंच.

सुरुवात सँडिया फ्लेम डी या प्रयोगशाळेत मोजलेल्या प्रसिद्ध मिथेन ज्वालेच्या ट्युटोरियलने करा. 7.2 मिमीच्या नळीतून 25 टक्के मिथेन आणि 75 टक्के हवा सेकंदाला जवळपास 50 मीटरने सुटते, रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळबळता आहे त्याचं माप) 22,400, भोवती 1880 केल्विनची पायलट ज्योत (मुख्य ज्वाला धरून ठेवणारी छोटी ज्योत), ती नसेल तर एवढ्या वेगात ज्वाला टिकायचीच नाही. प्रयोगात मोजलेले आकडे सगळ्यांना खुले आहेत, त्यामुळे आपण किती पाण्यात आहोत ते लगेच कळतं. मी तर पहिल्याच रनला जेटचं तापमान 294 च्या जागी 21 टाकलं, सेल्सिअसची सवय! लॅपटॉप रात्रभर घोंघावत होता आणि सकाळी बघतो तर लॉगमध्ये 'तापमान 200 ते 5000 च्या बाहेर' या एकाच वॉर्निंगची पारायणं चालू. चूक माझीच.

आता स्पीड. जीआरआय-मेक 3.0 ही मिथेन जळण्याच्या रिअ‍ॅक्शनची तयार यादी घेतली तर 53 घटक आणि 325 रिअ‍ॅक्शन, तेही प्रत्येक सेलमध्ये (जागेचे जे बारीक तुकडे पाडतात त्यातल्या एकेकात), काही डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी उरकतात, नायट्रिक ऑक्साइडवाल्या रेंगाळतात, आणि या दोघींना एकत्र सांभाळण्यातच सगळा वेळ जातो. म्हणून तर पूर्ण गोल न घेता कलिंगडाच्या बारीक फोडीएवढीच मेश (या सेलची जाळी) घेतात.

टर्ब्युलन्सचं, म्हणजे प्रवाहातल्या खळबळीचं म्हणाल तर के-एप्सिलॉन हे त्याचं नेहमीचं मॉडेल गोल जेटला गरजेपेक्षा जास्त पसरवतं. मग त्यातला सी-वन हा स्थिरांक 1.44 वरून 1.6 करायचा की बरंच जुळतं. म्हणजे आमटी चाखून मीठ वाढवल्यासारखंच झालं ना! पण इथे कोड उघडा आहे, मीठ कुठे पडतंय ते दिसतं तरी.

माझ्याकडून चार स्टार. पाचवा कापला तो दोन शाखांच्या घोळामुळे. डॉट ऑर्गवाली वेगळी, डॉट कॉमवाली वेगळी, एकीची केस (तयार फोल्डरांचा संच) दुसरीत सरळ चालेलच असं नाही, त्यात ऑर्गवाल्यांनी व्हर्जन 11 पासून ज्वलन सोडवणाऱ्या रिअ‍ॅक्टिंगफोम या प्रोग्रॅमऐवजी फोमरन आणलंय, तेव्हा कुणाची केस कॉपी करताना आधी व्हर्जन विचारा.